मुकुंदानं ठेवलेला तुकडा

मुकुंद गेल्याची बातमी मला पहिल्यांदा माझ्या बहिऱ्या कानात सांगितली गेली. वडगावच्या कोर्टात उलटतपासणी चालू होती. समोरचा साक्षीदार मोजणीच्या दगडाबद्दल पुन्हा पुन्हा फिरवाफिरवी करत होता, माझा पारा चढलेला, आणि अशात माझे कारकून बाळूभाऊ डाव्या बाजूनं येऊन काहीतरी पुटपुटले. माझा डावा कान ठार बहिरा आहे हे आख्ख्या बाररूमला माहीत आहे, बाळूभाऊंना तर सगळ्यांत जास्त. पण त्या दिवशी त्यांचंही डोकं ठिकाणावर नव्हतं. मी खेकसले, "बाळूभाऊ, उजवीकडून या हो, किती वेळा सांगायचं!" ते मागून वळसा घालून उजवीकडे आले. नवलाख उंबरे गावचा माणूस, एरवी आवाज असा की बाहेरच्या पक्षकारांना ऐकू जावा… तो आवाज त्या वेळी कुठं गेला होता कोण जाणे. "म्याडम, आपले डाक्टर गेले वो. पुन्याला. आज सकाळच्याला." मी विचारलं, "कुठं गेले?" खरंच विचारलं. बाळूभाऊ नुसतेच माझ्याकडे बघत राहिले, तेव्हा कळलं. साहेबांकडे पुढची तारीख मागितली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. साक्षीदार सुटला एकदाचा.

त्याला आता काही आठवडे झाले. डॉ. मुकुंद म्हणजे पुण्यातले मेंदूचे नावाजलेले सर्जन. कवटीच्या अगदी तळाशी, जिथं हात घालायला भलेभले कचरतात, तिथल्या दुर्मीळ गाठी काढण्यात त्याचा हातखंडा. शोकसभेत सगळ्यांनी तेच सांगितलं. कोणी देवदूत म्हणालं, कोणी हातात जादू होती म्हणालं. मी मागच्या खुर्चीत चुळबुळत होते. देवदूत कसला डोंबलाचा! स्वतःच्या छातीत आठवडाभर दुखत होतं तर बायकोला, नीताला, 'ॲसिडिटी आहे' म्हणून सांगत राहिला आणि एका सकाळी बूट घालता घालता गेला. मला बोलायला बोलावलं, तर मी मान हलवून नाही म्हटलं. लोकांना वाटलं, दुःखानं. दुःख होतंच, पण त्याहून जास्त राग होता, आणि अजून आहे. हा लेख लिहायला घेतलाय तरी दोन ओळी झाल्या की उठते, गॅलरीत जाते, परत येते. स्वस्थ बसवत नाही. कारण अगदी साधं आहे. माझ्या कवटीच्या तळाशी मुकुंदानं गाठीचा एक तुकडा ठेवलाय. राहिला नाही, ठेवलाय. जाणूनबुजून. "मी आहे ना लक्ष ठेवायला," म्हणाला होता. आणि लक्ष ठेवणाराच उठून गेला. आता हा तुकडा घेऊन मी कोणाच्या दारात जायचं?

आम्ही दोघं लोणावळ्याचे. गाड्या घाट चढवायला मागून जी जादा इंजिनं जोडतात, त्यांवर त्याचे वडील होते. माझ्या वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान. शाळा एक, वर्ग एक. मुकुंद हुशार होता, पण कुठलीही गोष्ट पूर्ण म्हणून करायचा नाही. गणित सोडवायला घेतलं की रीत सापडेपर्यंत डोकं खुपसून बसायचा, आणि रीत सापडली की पेन्सिल खाली. बाई विचारायच्या, "अरे, उत्तर कुठंय?" तर म्हणायचा, "आता येईलच की." चहा प्यायचा तो अर्धा कप. पोहे खायचा ते ताटलीत शेवटचा घास ठेवून. त्याच्या आईला, काकूंना, सवयच झाली होती मुलाचा उरलेला चहा पिण्याची. वर्गात त्याला 'अर्धवट' नाव पडलं आणि ते ठेवणारी मीच. पुढं तो मेंदूचा सर्जन झाल्याचं कळलं तेव्हा मी काकूंना म्हटलं, "सांभाळा हं काकू, पेशंटचं डोकं उघडं टाकून चहाला जायचा हा." काकू चार दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

मी लग्न केलं नाही, तो दर दोन-तीन आठवड्यांनी आईला भेटायला लोणावळ्याला यायचा आणि आम्ही दोघं तिच्या गॅलरीत बसून तावातावानं भांडायचो. त्यामुळे गावात जे बोललं जायचं ते बोललं जायचंच. तसलं काही नव्हतं. आणि असतं तरी मी ते तुम्हाला रविवारच्या पुरवणीत सांगितलं नसतं. भांडणं मात्र खरी होती. राजकारणावरून, रस्त्यावरून, मी घेतलेल्या केसेसवरून. मी वकील आहे. मावळात वकिली म्हणजे जमिनीची वकिली. बांध, वाट, विहिरीतला हिस्सा. दिवसभर बोलायचं, आणि समोरच्यापेक्षा वरच्या पट्टीत बोलायचं. माझा आवाज हीच माझी इस्टेट, असं मी नवीन वकिलांना सांगत असते.

तर आता एका इंजिनाची गोष्ट. माझं घर यार्डाच्या अंगाला. घाट चढवून आलेली इंजिनं सुटी होऊन तिथं उभी राहतात आणि घरघरत असतात. जन्म त्या आवाजात गेला, कधी त्रास झाला नाही. पण एका वर्षी मला एक वेगळाच आवाज छळायला लागला. हुश्श… हुश्श… हुश्श… एका लयीत, थांबायचं नाव नाही. आडवं झालं की जास्तच. मी ठरवून टाकलं, यार्डात कोणीतरी एखादं इंजिन उगाच चालू ठेवतंय. स्टेशनवर गेले. तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, इंजिनं आधी होती तेवढीच आहेत." मी म्हटलं, "मग त्यातलं एक बिघडलंय." अर्ज दिला. उत्तर नाही आलं म्हणून दुसरा दिला, कोर्टाची भाषा वापरून. रेल्वेची माणसं मला बघितलं की वाट बदलायला लागली. मग तोच आवाज वडगावला कोर्टातही यायला लागला. तिथं तरी माझ्या डोक्यात उजेड पडावा की नाही? छे! मी म्हटलं, वडगावलाही रूळ आहेतच की. रुळांच्या कडेला आयुष्य काढलेल्या माणसाला कानातला आवाजही रुळावरचाच वाटतो, दुसरं काही सुचतच नाही. डाव्या कानानं कमी ऐकू यायला लागलं, तेव्हा कुठं डॉक्टरकडे गेले. एकानं कानातला मळ काढला. दुसऱ्यानं बीपीची गोळी दिली. तिसऱ्यानं विचारलं, "काही टेन्शन वगैरे?" मी म्हटलं, "डॉक्टर, टेन्शन मी लोकांना देते."

आणि मग तो ब्लॉकचा रविवार आला. घाटात काही काम निघालं होतं, दुपारी गाड्या बंद, वरच्या तारेतली वीज बंद. मुकुंद आला होता. काकूंच्या गॅलरीतून यार्ड सरळ दिसतं. आम्ही चहा घेत बसलो होतो आणि मी फणकारले, "ऐक, ऐक! आज ब्लॉक आहे तरी यांचं चालूच!"

"काय चालूय?"

"इंजिन. दुसरं काय?"

"वैजू, तारेत वीज नाहीये. खाली सगळं बंद पडलंय."

"मला काय शिकवतोस? मला ऐकू येतंय ना!"

त्याच्या हातात नेहमीप्रमाणे अर्धा कप उरलेला होता. तो त्यानं खाली ठेवला. म्हणाला, "कसं ऐकू येतं? टेबलावर वाजवून दाखव." मी बोटानं वाजवायला लागले. ठक… ठक… ठक… त्यानं माझं दुसरं मनगट हातात घेतलं आणि नाडीवर बोट ठेवलं. मी वाजवतेय, तो नाडी बघतोय, आणि बघता बघता त्याचा चेहरा उतरला. तो उठला, काकूंच्या बीपीच्या यंत्राबरोबरचा स्टेथोस्कोप आणला आणि माझ्या डाव्या कानामागं लावला. बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "मलाही ऐकू येतंय." तुम्हाला खोटं वाटेल, पण मला आनंद झाला! वर्षभर सगळ्या जगानं वेड्यात काढल्यावर एक तरी साक्षीदार मिळाला होता. मी म्हटलं, "बघ! सांगत नव्हते?" तो म्हणाला, "इंजिन नाहीये ते. तुझं रक्त आहे." मग त्यानं माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूला दोन बोटं हलकेच दाबली. आवाज थांबला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा थांबला. बोटं काढली, पुन्हा सुरू. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं यार्डाकडे. काकू आतून विचारत होत्या, अजून चहा टाकू का म्हणून.

पुढच्याच आठवड्यात पुण्याला सगळ्या तपासण्या झाल्या. कानाच्या पडद्यामागं लालसर काहीतरी दिसलं, एमआरआयमध्ये त्याच्या मागचं सगळं दिसलं. कवटीच्या तळाला एक भोक असतं, त्यातून डोक्यातलं रक्त गळ्यातल्या शिरेत उतरतं. त्या भोकात, शिरेला बिलगून, गाठ वाढली होती आणि वर मेंदूच्या अंगाला सरकली होती. नाव पॅरागँग्लिओमा. साक्षीदाराला शपथेवरही उच्चारता येणार नाही असलं नाव. कर्करोग नव्हे, पण रक्तानं गच्च भरलेली, म्हणून ते हुश्श हुश्श. मुकुंदाच्या एवढ्या वर्षांच्या कामातही अशा गाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आलेल्या. मला म्हणाला, "तू साधं काही करायचीच नाहीस." आणि मग तो वळून खिडकीपाशी गेला.

हॉस्पिटलच्या त्या खोलीत मला गुदमरायला झालं. मी म्हटलं, जे सांगायचंय ते मोकळ्यावर सांग. म्हणून आम्ही तिकोणा गडाच्या पायथ्याशी, पेठेत गेलो. गड चढलो नाही. खाली एक मावशी चहा-भजी विकतात, त्यांच्या बाकड्यावर बसलो. समोर पवना धरणाचं पाणी. मुकुंदानं काडी घेऊन मातीत आकृती काढली. ही शीर, ही गाठ, आणि हे गाठीला चिकटलेले दोरे, म्हणजे नसा. एक दोरा आवाजाचा. एक गिळण्याचा. चेहऱ्याचा जरा बाजूला. डावा कान तर जाणारच, म्हणाला, तो आता वाचत नाही. प्रश्न या दोऱ्यांचा आहे. सगळी गाठ खरवडून काढली तर आवाज जाऊ शकतो, पाणीही ठसक्याशिवाय उतरणार नाही. थोडी ठेवली तर ती परत वाढू शकते. मी ताडकन म्हटलं, "सगळी काढ." म्हणजे बघा, मी रोज काय बघते? बांधावर हातभर जागा 'असू दे' म्हणून सोडली की नातवंडांना कोर्टात यावं लागतं. थोडं ठेवू, थोडं सोडू, ही भाषाच मला सोसत नाही. मुकुंद म्हणाला, "देहूरोडला एक गृहस्थ आहेत." डेपोत नोकरीला होते. त्यांची अशीच गाठ मुकुंदानं तरुणपणी काढली होती, पूर्ण. नंतरचा स्कॅन इतका स्वच्छ की डॉक्टरांच्या परिषदेत दाखवला आणि टाळ्या पडल्या. "आणि ते घरी नळीनं जेवतात, वैजू. नातवाला हाक मारायची तर थाळी वाजवतात. मी जातो अधूनमधून. ते मला हात जोडतात, जीव वाचवला म्हणून. मला तिथं बसवत नाही."

मी गप्प बसायला हवं होतं, पण तो माझा स्वभाव नाही. मी म्हटलं, "तुझ्या मनाला टोचतंय म्हणून माझ्या डोक्यात घाण ठेवणार का? पहिल्यापासूनच अर्धवट तू!" मग त्याचाही आवाज चढला. "तुला काय, सगळ्याचा एकदाच निकाल हवा!" आमचा एवढा आरडाओरडा झाला की भजी तळणाऱ्या मावशी झारा घेऊन बाहेर आल्या. "नवराबायकू हाय का तुमी?" आम्ही दोघंही एकदम म्हणालो, "नाही!" तर मावशी म्हणाल्या, "न्हाई? मंग येवडं कशापायी भांडताय?" मुकुंदाला हसू फुटलं. मलाही. हसता हसता मी रडायला लागले आणि मावशींनी न मागता दुसरा चहा आणून ठेवला.

ओळखीच्या माणसाच्या डोक्याला हात लावू नये असं त्याचं म्हणणं होतं, दुसरा सर्जन सुचवत होता. मी म्हटलं, "मग राहू दे, माझी गाठ मी सांभाळते." तेव्हा कबूल झाला. पण सगळी काढीन असं वचन त्यानं दिलं नाही. मी नाना तऱ्हांनी उलटतपासणी घेतली, तरी नाही. आदल्या दिवशी मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेऊन गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाटा बुजवल्या. त्या रात्री माझं इंजिन जवळजवळ थांबलं होतं. इतकं शांत, की मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. सकाळी आत नेलं ते संध्याकाळपर्यंत. कानामागचं हाड बारीक बारीक घासत आत जायचं असतं म्हणे, आवाजाच्या दोऱ्यांना तारा जोडलेल्या असतात, धक्का लागला की यंत्र कुरकुरतं. मला त्यातलं काही ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ते एवढंच, की डोळे उघडले, घशातली नळी काढली, आणि समोर हिरवी टोपी घातलेला मुकुंद वाकून म्हणत होता, "बोल. वैजू, काहीतरी बोल."

मी म्हटलं, "सगळी काढलीस?"

तो म्हणाला, "नाही."

मी म्हटलं, "गाढवा."

आवाज खणखणीत निघाला. नर्स दचकली. आणि मुकुंद तिथल्या स्टुलावर मटकन बसला, हसायला लागला, टोपी काढून टोपीनंच डोळे पुसायला लागला. मी तोंडाला येईल ते बोलत होते आणि हा माणूस ऐकत होता, जणू काही त्याचा सत्कारच चाललाय. इंद्रायणी तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढा तुकडा आवाजाच्या नसेवर ठेवलाय, असं त्यानं नंतर सांगितलं.

पुढचे काही महिने वाईट गेले. तोल जायचा, भिंत धरून चालायचे. तोंड डावीकडे जरा ओढल्यासारखं झालं होतं, ते हळूहळू सरळ झालं. कान गेला तो गेलाच. पण मी कोर्टात परत उभी राहिले, आणि माझ्या विरोधातल्या वकिलांना काही फरक जाणवला नाही याचा त्यांनाच जास्त त्रास झाला. मुकुंदाशी मात्र माझं या एका गोष्टीवर कधी पटलं नाही. दरवर्षी स्कॅन व्हायचा, दरवर्षी तुकडा तेवढाच असायचा, आणि दरवर्षी मी विचारायचे, "काढून टाकला असतास तर हे हेलपाटे वाचले नसते का?" तो म्हणायचा, "वाचले असते." बस्स. वाद घालायचाच नाही. इतर सगळ्यावर घालायचा, यावर नाही. त्याचा मला जास्त संताप यायचा. लोकांचं डोकं दुखलं की गोळी घेऊन मोकळे होतात, माझं जरा ठणकलं की वाटायचं, वाढला. फोनवर त्याला सांगितलं की म्हणायचा, "नाही वाढला. तू केसचं सांग." त्याचा फोन दर रविवारी सकाळी यायचा. आठवडाभरात कोर्टात काय झालं ते सगळं त्याला हवं असायचं, अगदी कोण काय म्हणालं, मी काय उत्तर दिलं. मी सांगायचे, सांगता सांगता पुन्हा तापायचे. तो फारसं बोलायचा नाही. मला वाटायचं, पुण्यात एवढ्या मोठ्या माणसाशी कोणी भांडत नसेल, त्याची चव घ्यायला फोन करतो.

तो गेल्यावर पहिला रविवार आला आणि मी सकाळभर फोन हातात घेऊन घरात येरझाऱ्या घातल्या. वेड्यासारख्या. दुसऱ्या रविवारी फोन कपाटात ठेवला, तरी तेच. आणि अशात वार्षिक स्कॅनची वेळ आली. जाऊ नये असं वाटत होतं. वाढलेला निघाला तर? मग मुकुंद चुकला असं होणार, आणि ते त्याला सुनावायला तो नाही. आवाज द्यायचा की जीव, हे मला आता कोणा परक्या माणसासमोर बसून ठरवावं लागणार. मी आठवडाभर धड जेवले नाही. शेवटी बाळूभाऊच म्हणाले, "म्याडम, तारीक पुडं ढकलून निकाल बदलत न्हाई, तुमीच सांगता ना पक्षकारांना?" गेले.

मुकुंदाची विद्यार्थिनी डॉ. अदिती आता त्याचे पेशंट बघते. हसरी, शांत मुलगी. तिनं नवा-जुना स्कॅन शेजारी शेजारी लावला. म्हणाली, "तेवढाच आहे. अजिबात हललेला नाही." मी समोरचं पाणी प्यायले. आणि मग जे इतकी वर्षं मुकुंदाला विचारत होते ते तिला विचारलं. ती त्या ऑपरेशनला होती. "काढता आला असता का हो तो?" ती म्हणाली, "सुटत होता, मॅडम. मीच सरांना म्हटलं, सर, निघतोय. सर थांबले. म्हणाले, निघतोय, पण त्याच्याबरोबर काय निघतंय ते दिसत नाहीये. आणि हातातलं खाली ठेवलं." मग तिनं विचारलं, "आवाज कसा आहे तुमचा? बसतो का मधूनमधून?" मी म्हटलं, "मला काय माहीत? तुमच्यासमोर बोलतेय." ती म्हणाली, "तसं नाही. तुकडा वाढायला लागला, तर स्कॅनच्या आधी आवाज सांगेल. थोडा घोगरा होईल, शेवटचे शब्द विरतील. स्वतःला ते सगळ्यात उशिरा कळतं, त्यातून तुम्हाला एकच कान. सर दर रविवारी तुमचा आवाज ऐकायचे. सोमवारी राउंडला आले की आधी सांगायचे, लोणावळा ठीक आहे." मग म्हणाली, "घरात कोणी आहे का, तुमचा आवाज रोजचा ओळखीचा असणारं?"

घरात कोणी नाही. कोर्टात माझा आवाज सगळे ऐकतात, पण तिथं मी घोगरी झाले तर लोक पेढे वाटतील. परतताना गाडीत मी उगाच स्वतःशीच मोठ्यानं बोलून बघत होते, माझं नाव, पत्ता, कुठल्या तरी केसचा नंबर… आणि मला खरंच काही कळत नव्हतं. केस जिंकायच्या, माणसांना गप्प करायचं, त्या आवाजाची एवढी घमेंड, आणि तो बरा आहे की बिघडलाय ते मलाच सांगता येईना. राग राग आला. पुण्याहून मी घरी न जाता सरळ काकूंकडे गेले. मुलगा गेल्यापासून त्या बाहेर पडत नाहीत. नजर अधू झालीय, भाजी निवडायची तीही चाचपून. खुर्ची गॅलरीत टाकून बसलेल्या असतात.

"काय म्हणाली डॉक्टरीण?" त्यांनी लगेच विचारलं. मी सगळं सांगितलं. तुकडा तेवढाच आहे, वर्षानं परत जायचंय, आणि मध्ये आवाजावर कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. मुकुंदाच्या सोमवारच्या राउंडचंही सांगितलं. काकू बराच वेळ हातातली मेथीची काडी फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "रविवारी इकडं येत जा."

"कशाला, काकू?"

"मी ऐकीन. डोळे गेले माझे, कान नाही. दोन्ही चालतात. तू शाळेत होतीस तेव्हापासून ऐकतेय तुझी किरकिर, मला नाही कळणार बिघडला तर?"

मी म्हटलं, "तुम्हाला त्रास कशाला…"

"मला आता दुसरं काय काम आहे?" त्यांनी काडी ताटात टाकली आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं चेहरा वळवला. "आता मला एक सांग. खरं सांग हं, वकिली नको. त्यानं ते पूर्ण काढायला हवं होतं का गं? तू सारखी त्याला टाकून बोलायचीस, अर्धवट अर्धवट म्हणून. मी आतून ऐकायचे. माझा जीव कासावीस व्हायचा. म्हटलं, माझ्या पोराच्या हातून काही चुकलंय का… आता तो नाही, म्हणून विचारते."

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी काय ते एकदाच सांगणार होते, नेहमीसारखं, ठणकावून. तोंड उघडलं.

"नाही, काकू. नाही चुकला तो. अगदी बरोबर…"

पुढचा शब्द बाहेर पडेना. आवाज फाटला, चिरकला, नुसता वारा निघाला. मी पदरानं तोंड पुसत बसले. काकूंनी मान तिरकी केली होती. डोळे मिटलेले, कपाळावर आठी, अगदी नीट लक्ष देऊन ऐकत होत्या.

"घोगरा झालाय गं," त्या काळजीनं म्हणाल्या.

"काकू, तो रडण्याचा आहे."

"असू दे," काकू म्हणाल्या. "पुढच्या रविवारी परत ऐकते."